शून्य करण्याआधीचं वजन

३ फेब्रुवारी
दादा आज पुन्हा अर्ध्या पाळीतून घरी. कडोदऱ्याला कोटिंगच्या कारखान्यात व्हॅक्यूम ड्रायरवर असतो. दार उघडलं की गोडसर वास येतो म्हणे, मग डोकं भणभणतं. आई लिंबू पिळत बसली. तिला सगळ्यावर लिंबूच सुचतं.
त्यांच्या शेठनं कामावरच्या पोरांना कागद दाखवला, की ड्रायरमधला माल दीडशे डिग्रीपर्यंत तापवला तरी वाफ वगैरे काहीच सोडत नाही. कागद आमच्या लॅबचा. सही माझी. दादा कौतुकानं सांगत होता.

५ फेब्रुवारी
त्या मालाची उरलेली डबी लॅबच्या कपाटात सापडली. तापवता तापवता वजन घेणाऱ्या मशीनला पुन्हा लावला. वाटीत वीस मिलिग्रॅम, मशीनचं झाकण बंद, हवा काढायचा पंप चालू. आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं, वजन शून्य करायचं, मग तापवायचं. आठ वर्षं हेच. मालकांनी, मेहुलभाईंनी, पहिल्याच दिवशी शिकवलेलं : हवा काढताना आकडा नाचतो, तिकडे बघायचं नाही.
दीडशेपर्यंत वजनाची रेघ सरळ. जीव भांड्यात पडला. डबा खाल्ला.

६ फेब्रुवारी
कालची वाटी धुवायची राहिली होती. सहज साध्या काट्यावर ठेवली. माल अठराच भरला. दोन गेले कुठे? रेघ तर सरळ.
मग कळलं. तापवायच्या आधीच गेले, नुसत्या पंपानं. आकडा नाचत होता तो हवेमुळे नाही, माल उडत होता म्हणून. मी सगळं उडेपर्यंत शांत बसले आणि मग शून्य केलं.
दादाच्या ड्रायरलाही पंपच आहे. तिथे गेलेलं त्याच्या नाकात जातं.
आठ वर्षांत एकदाही वाटी परत तोलली नाही. हुशार म्हणवते स्वतःला.

८ फेब्रुवारी
मेहुलभाईंना सांगितलं. चिडले असते तर बरं झालं असतं. चहा मागवला, दोन्ही आकडे बघितले, मान हलवली. आजपासून आधीचं वजन लिहायचं म्हणाले. आणि गेलेल्या रिपोर्टचं?
"रिपोर्ट तो गयो, बेन. हवे शुं?"
आता काय करायचं, म्हणे; दादाच्या शेठची पार्टी जुनी आहे, उगाच घाबरेल. शिवाय सही तुमचीच आहे, हेही म्हणाले, अगदी गोड आवाजात. संताप त्यांचा आला की माझा, अजून ठरत नाही.

९ फेब्रु.
दादा दोन दिवस घरी. हात थरथरतात, चहा सांडला. आईनं फरशी पुसली. मी समोर बसून त्या कागदाचं सोडून बाकी सगळं बोलले. भित्री.

११ फेब्रु.
नवा रिपोर्ट काल छापला, लॅब रिकामी असताना. आधीचं वजन, नंतरचं वजन, खाली सही. पर्समध्ये आहे.
सकाळी दादा बूट घालत होता. म्हटलं, आज नको जाऊ. का म्हणून विचारलं. त्या वासाचं काही खरं नाही, एवढंच सुचलं. हसला.
"तुनी सही शे ना त्या कागदवर? मंग काय भ्यावानं?"
डबा घेऊन गेला.
हे नवागामच्या नाक्यावर उभ्यानं लिहितेय. लॅबकडे जाणाऱ्या, भेस्तानच्या तीन रिक्षा सोडल्या. दादाच्या कारखान्याकडची, कडोदऱ्याची एक आली आहे, एका सवारीसाठी थांबलीय. रिक्षावाला बसता का म्हणून ओरडतोय, बेसवुं छे के नहीं