डिंफनाचं गिळणं

३ फेब्रुवारी
पुन्हा ठसका! एक चमचा दूध, तेही ठसका लागू नये म्हणून घट्ट केलेलं — आणि डिंफना निळी पडली. पाठ चोळत राहिले. श्वास परतल्यावर म्हणते, "कॉन्सी, हे दूध आहे की भिंतीचा कागद चिकटवायची खळ?" पक्षाघाताचा झटका आल्यापासून माझ्या थोरल्या बहिणीची जीभ जड झालीय, पण टोमणे शाबूत!

६ फेब्रुवारी
एनिस गावातल्या इस्पितळात गिळण्याचा एक्स-रे. पडद्यावर डिंफनाचा घसा. औषध मिसळल्याने काळा दिसणारा घास जिभेमागे अडून बसतो. श्वासनलिकेवरचं झाकण तेव्हाच मिटायला हवं — मिटतं उशिरा. तोवर थोडं फुप्फुसाकडे उतरलेलं असतं. खाली अन्ननलिका मात्र ठणठणीत, आवळत आवळत जठरापर्यंत पोचवते. सगळी अडचण वरच्या दोन बोटांच्या जागेत!

शाळेत आमच्या बाई, सिस्टर बेनिग्नसनी फळ्यावर रंगीत खडूंनी हेच काढलं होतं. "मुलींनो, पुढे वारा, मागे अन्न. खाली डोकं वर पाय केलेत तरी घास पोटातच जाईल." मधल्या सुट्टीत डिंफनाने भिंतीला पाय टेकून, डोक्यावर उभं राहून अख्खा बन खाल्ला. काय हसलो होतो आम्ही!

७ फेब्रुवारी
डॉ. लिंडक्विस्ट स्वीडनचे. सरळ बोलतात. पोटाला छोटं भोक पाडून नळी थेट जठरात घालता येईल म्हणाले. नाहीतर डिंफना फार दिवस काढणार नाही. मग तिलाच विचारलं,
"घालायची का नळी?"
"नको हो. कशाला तुम्हाला त्रास?"
"नक्की?"
"नको, नको. खरंच नको."
त्यांनी मान डोलावली, लिहून घेतलं. गाडीत बसेपर्यंत मी रडले नाही.

९ फेब्रुवारी
अंगठी बोटातून गळून पडली तिच्या.

१० फेब्रुवारी
शेजारची फिलोमिना आली. स्वयंपाकघरातच बसवली, डिंफनाला केकचा वास नको म्हणून. केक पुढे केला — "नको गं." पुन्हा केला — "छे, आत्ताच जेवले." तिसऱ्यांदा — "बरं, अगदी कोर दे." दोन मोठे तुकडे खाल्ले!

सुरी माझ्या हातात तशीच राहिली. देवा! आमच्यात पहिल्या दोन वेळा हो म्हणतं कोण? आईने चापट्या मारून शिकवलंय. डॉक्टरांनी दोनदाच विचारलं; स्वीडनच्या माणसाला हे कुठून ठाऊक असणार? पण मी तर तिथेच बसले होते!

की तिला खरंच नकोय? विचारायचा धीर होत नाही. ती तिसऱ्यांदाही नको म्हणाली तर?

११ फेब्रुवारी
सकाळी विचारलं.
डिंफना उशीची झालर चुरगाळू लागली. मग म्हणाली, "हवीय. तू विचारलंच नाहीस — मला वाटलं, थकलीस तू माझं करून."