घरची फ्लॉपी

बाबा, तुमची पांढऱ्या लेबलची फ्लॉपी आज कपाटात सापडली. आता ती चालेल असं मशीन माझ्या ओळखीत कुणाकडेच नाही. तरी पुसून ठेवली.

जवाहर नगरच्या घरी ऑफिसने तुम्हाला कॉम्प्युटर दिला तेव्हा मी नववीत होते. त्या मशीनमध्ये स्वतःचं काहीच नव्हतं. सुरू करताना जी फ्लॉपी घालू, तसं ते व्हायचं. तुम्ही दोन केल्या होत्यात, लाल ऑफिसची आणि पांढरी घरची. एकीतलं दुसरीला कळायचं नाही. लाल आत असली की तुम्ही घरातही बूट घालून बसायचात, आणि "बाबा" म्हटलेलं तुम्हाला ऐकू जायचं नाही. मग मशीन बंद करायचं, दहापर्यंत मोजायचं, बूट काढायचे, पांढरी घालायची. पडद्यावर इंग्रजी अक्षरांत हिरवा प्रश्न येतो, 'कोण?' मी माझं नाव टाइप करते. 'ये. अभ्यास झाला?' प्रोग्रॅम तुम्हीच लिहिलेला.

"आणि चोर बसला तर?"

"चोर नाव सांगतो होय? सांगितलंच तर त्याला वेगळं उत्तर आहे." ते तुम्ही दाखवलं नाहीत.

तुमचं तेरावं झाल्यावर ऑफिसमधले एक भैया मशीन बघायला आले. त्यांनी ते सुरू केलं. आत पांढरीच राहिली होती, म्हणजे शेवटी तुम्ही घरी होतात.

"ये क्या पूछ रहा है, बेटा?"

"नाम."

त्यांनी आपलं नाव घातलं. 'बाबा बाहेर गेलेत. बसा. येतील.' त्यांनी ते अडखळत मोठ्याने वाचलं, अर्थ विचारला, आणि मी सांगितल्यावर खुर्चीवरून उठले. आई स्वयंपाकघरातून चहा घेऊन आली तेव्हा ट्रेमध्ये चार कप होते. आम्ही तिघंच होतो. चौथ्यावर साय धरली तरी कुणी तो उचलला नाही.

मशीन न्यायला गाडी पुढच्या सोमवारी आली. मी लाल फ्लॉपी दिली.

"एक और थी न?"

"नहीं थी, भैया."

हे पत्र त्याच फ्लॉपीच्या पाकिटात ठेवते आहे. एक सांगायचं राहिलं. मधल्या आठवड्यात मी रोज दुपारी त्या मशीनपुढे बसायचे. आईला वाटायचं, मी तुमच्याशी बोलते. पण मी माझं नाव एकदाही घातलं नाही, बाबा. रोज कुणातरी परक्याचं घालत होते.