झेनोनची ती ओळ मी पुसली

ग्दान्स्क, १७ फेब्रुवारी

प्रिय झेनोन,

तुझं नाताळचं पत्र मिळालं. उत्तराला उशीर केला, कारण आधी एक काम संपवायचं होतं. ते काल संपलं. आज सकाळी मी केस सेट करून आले आणि आता बसून तुला सगळं सांगणार आहे. मध्येच उठून खिडकीशी जाऊ नकोस. तुझी ती सवय मला ठाऊक आहे.

लुत्सियाबाई क्रेफ्टा तुला आठवत असतील. समुद्रकाठच्या मच्छीमारांचे शब्द गोळा करणाऱ्या, आपल्या छापखान्यात यायच्या त्या, अंगाला माशांचा वास घेऊन. आता शहाऐंशीच्या आहेत. त्यांचा कोश अखेर छपाईला आला. अकरा हजार शब्द, आणि प्रत्येक शब्दापुढे तो कुठल्या गावात, कुणाच्या तोंडून ऐकला त्याची नोंद. ही गावं आणि माणसं त्यांनी एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवली आहेत. तीत त्या अजूनही रोज दुरुस्त्या करतात, कारण यास्तार्नियातलं कुणीतरी फोन करून सांगतं की ती म्हातारी आमची नव्हे, कुझ्निकाची होती.

आणि इथे तू आडवा येतोस. पानं जुळवणाऱ्या यंत्राला, म्हणजे संगणकाला, आज्ञा देणाऱ्या तुझ्या मॅक्रोंच्या फाइलमध्ये, चारशे बाराव्या ओळीवर, टक्क्याच्या चिन्हामागे, यंत्र वाचत नाही आणि माणसंच वाचतात तिथे, तू लिहून ठेवलं आहेस: ‘मॅक्रो उलगडत असताना बाहेरची फाइल वाचता येत नाही. प्रयत्न करू नका. झे.’ सत्तावीस वर्षं हे वाक्य छापखान्यात देवाच्या आज्ञेसारखं पाळलं गेलं. बाहेरच्या फाइलमधलं नाव शब्दापुढे जागच्या जागी उलगडून हवं असलं, की छापखान्यातल्या बायका अख्खी यादी हाताने उतरवून आत घालायच्या. मीही घातली आहे. दुरुस्ती आली की पुन्हा पहिल्यापासून. आता उतरवणाऱ्या सगळ्या निवृत्त झाल्या, मीसुद्धा, तेव्हा नवे संचालक मिएल्चारेक यांनी ठरवलं की गावं गाळून टाकायची. लुत्सियाबाईंना त्यांनी बोलावून घेतलं, कॉफी पाजली आणि गोड आवाजात सांगितलं, “बाई, वाचकाला शब्द हवा असतो, पत्ता नको असतो.” त्यावर त्या म्हणाल्या, “मग माझंही नाव काढा. मेलेल्या माणसांच्या तोंडचे शब्द मी स्वतःचे म्हणून विकणार नाही.” कॉफी तशीच टाकून त्या उठल्या आणि सरळ माझ्या घरी आल्या. माझ्या स्वयंपाकघरात ही बाई रडली, झेनोन. तिला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी मिएल्चारेकच्या दारात. ते म्हणाले, “ओतिलियाबाई, मलाही वाईट वाटतं, पण ते होतच नाही. फाइलमध्ये तसं लिहिलंय.” मी विचारलं, “लिहिलंय कुणी? करून पाहिलंय कुणी?” वॉर्साच्या शाळेत सिस्टर हियासिंतांनी आम्हाला एक गोष्ट चांगली शिकवली: नियम सांगणाऱ्याला तो कुठे लिहिलाय ते विचारायचं, आणि मग ते पान स्वतः वाचायचं. संचालकांनी नाइलाजाने मला आठ दिवस आणि कोपऱ्यातलं एक टेबल दिलं. खोली तापवणारा रेडिएटर बंद असलेला कोपरा.

मला लागले पाच दिवस. त्यातले चार तुझी फाइल वाचण्यात गेले, कारण तू स्वच्छ लिहितोस असं तुला उगाच वाटतं. अडचण तुला माहीतच आहे. यंत्र मॅक्रो उलगडत, म्हणजे आज्ञेच्या जागी पूर्ण मजकूर भरत असतं, मध्येच फाइल संपते, आणि ते घाबरून ओरडतं की फाइल अर्ध्यावर तुटली. उपाय एवढाच, की फाइलच्या टोकाला एक रखवालदार उभा करायचा: ‘यापुढचं उलगडू नकोस’ असं सांगणारी एक बारीकशी आज्ञा. पूर्वी ती फाइलमध्ये हाताने लिहावी लागली असती. आता यंत्र प्रत्येक फाइलच्या शेवटी ती आपणहून घालतं, फक्त तसं एकदा सांगावं लागतं. एक ओळ, झेनोन. काल अकराच्या अकरा हजार शब्द गावांसकट बसले. लुत्सियाबाईंनी समोर बसून एका माणसाचं नाव दुरुस्त केलं, मी पुन्हा चालवलं, आणि एकोणचाळीस पानांवर ते आपोआप बदललं. बाईंनी एकोणचाळीसही पानं मोजून पाहिली. मिएल्चारेक उभे राहून म्हणाले, “हे आधी कुणालाच कसं सुचलं नाही?”

सुचलं होतं. सत्त्याण्णवच्या मार्चमध्ये, एका गुरुवारी, मी तुझ्या टेबलाशी येऊन हाच रखवालदार कागदावर काढून दाखवला होता. तू खोलीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालास, “ओतिलिया, तू आपली चर्चची गाणी जुळव, मॅक्रोंची काळजी मी करतो.” सगळे हसले. तूही हसलास. मग तो कागद उलटून त्यावर पेन्सिलीला टोक केलंस, आणि दुपारी ती ओळ लिहिलीस.

त्याच रविवारी, बंदरावर, तू मला लग्नाचं विचारलंस. मी म्हटलं, आईला बरं नसतं, तिला सोडून कशी येऊ. आईला काही झालं नव्हतं. त्या शरदात ती दोन टोपल्या अळंबी गोळा करून आली. खरं कारण तो गुरुवार होता, आणि ते तुला सांगायला मी फार गर्विष्ठ होते. आता नाताळच्या पत्रात तू क्राकूफहून तेच पुन्हा विचारतोस आणि लिहितोस की आपण दोघं एकटे, राग कसला राहिलाय. राग कालपर्यंत होता. ती ओळ मी स्वतः पुसली तेव्हा शोधून पाहिला, सापडला नाही. उत्तर तरीही नाहीच आहे, पण या वेळी ते खरं आहे: मला वेळ नाही. कोशाचा दुसरा खंड माझ्याकडे आलाय, आणि रेडिएटरजवळचं टेबलही. बारा मेला प्रकाशन आहे, तुझी खुर्ची मी पहिल्या रांगेत ठेवलीय. तू ये, आणि त्या वेळी वापरला होतास तसल्याच मोठ्या आवाजात विचार, हे काम कुणी केलं. मी समोरच उभी असेन.

तुझीच, चर्चची गाणी जुळवणारी,
ओतिलिया