विष्णूचा स्क्रू

नारळी पौर्णिमा, १२ ऑगस्ट २००३
नाशिक

वाचनालयातून आणलेलं इंग्रजी म्हणींचं पुस्तक डिक्शनरी जवळ घेऊन वाचतेय. जिथे तिथे माणसांची नावं. सगळी कामं थोडी थोडी येणारा तो जॅक. काम सोपं आहे, झालंच समजा, असं सांगायचं तर म्हणे बॉब तुमचा काका. कोण हा बॉब? त्याच्या बायकोला कुणी विचारलं होतं का?

आमच्या गल्लीतही एक आहेच की. ह्यांनी कुणाचाही पंखा, मिक्सर दुरुस्त केला की एक स्क्रू हातात उरायचाच. पंखा मात्र झकास फिरायचा. तेव्हापासून काम होऊन काही उरलं की सगळे म्हणतात, 'विष्णूचा स्क्रू'. मीच तेवढी म्हणत नाही. नवऱ्याचं नाव कसं घ्यायचं?

संध्याकाळी समोर नव्यानं राहायला आलेली वैशाली वाटीभर सारण घेऊन आली. "करंज्या झाल्या काकू. हा विष्णूचा स्क्रू उरला."

"कोण गं हा?"

"काय माहीत! इथे सगळेच म्हणतात."

ह्यांना जाऊन चारच वर्षं झाली. नाव राहिलं आणि माणूस पुसला, त्या बॉबसारखा. आता मीही गप्प बसले तर सांगणार कोण?

"विष्णू म्हणजे माझे यजमान," म्हटलं. उखाण्याशिवाय पहिल्यांदाच. जीभ अडखळली जरा.

"अय्या, खरंच होते?"

"होते तर! बस."

तासभर बसली बिचारी. तेवढ्यात किती वेळा नाव घेतलं, कोण जाणे.