पुढच्या रांगेतला गुडघा

मोन्तेविदेओ, मंगळवार

प्रिय आई,

मी ठीक आहे, पोटभर जेवतोय.

आमच्या फुटबॉल क्लबचे अध्यक्ष एचेवेरी यांनी सुजलेल्या गुडघ्यात इंजेक्शन टोचायला लावून मला खेळवलं आणि गुडघा कामातून गेला. पेपरवाल्यांना मात्र सांगितलं, "किरकोळ लचक आहे."

काल संघाचा फोटो होता. मी कायम पुढच्या रांगेत उकिडवा बसतो. एचेवेरी म्हणाले, "राजा, आज मागे उभा राहा. गुडघ्याची पट्टी कशाला दाखवायची?"

मी पुढेच बसलो, पाय लांब पसरून. गोलकीपर म्हणाला, "ह्याला उठवलंत तर आम्ही सगळे उठू." फोटो तसाच निघाला.

आता फोटो पाहून क्लबचे सभासद विचारतील, तेव्हा सभेत एचेवेरींनीच सांगावं, ही लचक कसली ते. मी पुन्हा खेळेन का, ते डॉक्टर सांगत नाहीत.

बाबांची पाठ कशी आहे? सोबतचा फोटो आपल्या बेकरीत लाव. चौकट लहान पडली तर मोठी आण, पण माझा पाय झाकू नकोस.

तुझा हट्टी,
विल्मार