इराचा इन्व्हर्टर

दुर्गाघाट, वाराणसी
ज्येष्ठ वद्य पंचमी

प्रिय इरा,

हे पत्र केयूरच्या हाती देते आहे. माझ्याकडे, म्हणजे त्याच्या मावशीकडे, चार दिवस राहून तो आज संध्याकाळच्या गाडीने पुण्याला परत निघालाय. सोबत बेसनाचे लाडू आहेत. लाडू आधी खा आणि मग वाच, कारण उपाशी पोटी आईचं बोलणं कडू लागतं. परवा फोनवर तू म्हणालीस की आई, मी केलेलं काहीच टिकत नाही. त्या डोंगरातल्या शाळांना दिलेले तुझे इन्व्हर्टर दोन वर्षांत बंद पडून परत आले, आणि तू ठरवून टाकलंस की सोमवारी तुझ्या कारखान्याच्या शेडची किल्ली मालकाला द्यायची आणि कुठल्याशा कंपनीत बाहेरून आलेले तयार इन्व्हर्टरचे डबे विकायची नोकरी धरायची. मी नुसतं हूं हूं करत राहिले, कारण तुझे बाबा शेजारीच बसले होते आणि मला जे बोलायचं होतं ते त्यांच्यादेखत बोलता येण्यासारखं नव्हतं. शाळावाल्यांनी ती यंत्रं पत्र्याच्या बंद कपाटात कुलूप लावून ठेवली होती, हे तूच मला सांगितलंस. भर उन्हाळ्यात पत्र्याच्या कपाटात मला कोंडलं तर मी दोन वर्षं काय, दोन तास टिकायची नाही. पण दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. तू तर ताकाचं भांडंच विकायला काढलंस.

तुला आठवतं का, आपल्या स्वयंपाकघरात तू तो पहिला इन्व्हर्टर केलास ते? युनिव्हर्सिटीतलं तुझं शेवटचं वर्ष होतं. छतावर बाबांनी विद्यार्थ्यांसाठी खोली बांधून घेतली होती, पण खालची वायरिंग इतकी जुनी की वर लाइन न्यायची म्हटल्यावर लाइनमननेच हात जोडले. त्या काळी लाइट असली काय नि नसली काय, दिवसातून निम्मा वेळ बत्ती गुलच. तू म्हणालीस, त्या खोलीला शहराची वीज नकोच, तिची वीज तिच्याच डोक्यावर उन्हापासून तयार होईल. बाबा म्हणाले, वेद म्हणायला उजेड कशाला लागतो, पोरं डोळे मिटूनच म्हणतात. तू म्हणालीस, घाम तर उघड्या डोळ्यांनाही येतो आणि मिटलेल्यांनाही. वेदमूर्ती विश्वेश्वरशास्त्री एवढ्या मोठ्या सभा गाजवून आलेले, पण घरात तुझ्यापुढे ते नेहमी असेच हरले.

त्या इन्व्हर्टरमधल्या ट्रान्सफॉर्मरची तांब्याची तार तू हाताने गुंडाळत होतीस. किती शे वेढे होते देव जाणे, पण एक कमी-जास्त झाला तर वीज चुकते, असं तू मला बजावून ठेवलं होतंस, म्हणून मी फोडणीसुद्धा हळू देत होते. तरी दर वेळी काहीतरी व्हायचं. कधी फोन, कधी दारात सांड येऊन उभा, कधी ब्रह्माघाटाकडची अंबिकाकाकू हळदीकुंकवाला बोलवायला. तीनदा तुझी मोजदाद चुकली आणि तिसऱ्यांदा तू तार फेकून रडायला बसलीस. तेव्हा बाबा संध्या आटोपून आले, पाट ओढून समोर बसले आणि म्हणाले, तू गुंडाळ, मी मोजतो. ओठ हलले नाहीत त्यांचे. नुसता अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत होता, पाठ म्हणताना फिरतो तसा. मध्ये फोन वाजला, दूध उतू गेलं, मी ओरडले, पण ते जागचे हलले नाहीत. शेवटी त्यांनी आकडा सांगितला, तू जोडणी करून मीटर लावलंस, आणि जे यायला हवं होतं तेच आलं. तू त्यांच्याकडे तोंड उघडं टाकून बघत राहिलीस. मी तर पदराने हातसुद्धा पुसायची विसरले. लग्नाला तेव्हा पंचवीसच्या वर वर्षं झाली होती, पण आपल्या घरात कोण माणूस राहतो ते मला त्या दिवशी कळलं.

पुढचं तू पाहिलं नाहीस, कारण तू पुण्याला गेलीस. मी पाहिलं, म्हणून सांगते. तू जाताना म्हणाली होतीस की असा इन्व्हर्टर सात-आठ वर्षं चालतो, नीट ठेवला तर दहा, त्याच्या पुढे चालला तर त्याची कृपा. खोलीवरच्या काचेच्या सोलर पाट्या पंचवीस वर्षं जातील, बॅटऱ्या दर चार-पाच वर्षांनी बदलाव्या लागतील, पण मधला हा डबा मात्र उष्णतेने आणि धुळीने मरतो, म्हणून त्याला वारा दे, त्याच्यावर काही टाकू नकोस. आणि मी काय केलं, तर पहिल्याच चैत्रात त्या पाट्यांवर कुरडया वाळत घातल्या! इतकी छान तापलेली, सपाट, स्वच्छ जागा अख्ख्या काशीत मला कोणी दिली नव्हती. खाली पंखे मंदावले आणि वर माकडं जमली. एक थोराड माकड पाटीवर पाय पसरून बसून कुरडई खात होतं, आणि मी झारा घेऊन त्याच्या पुढे उभी. तुला फोन केला तर तू आधी किंचाळलीस आणि मग इतकी हसलीस की मलाही हसू आवरेना. बाबांनी दसऱ्याला इन्व्हर्टरवर रेशमी सोवळं पांघरलं होतं, थंडी लागेल म्हणून असावं. ते मी गुपचूप काढलं. तरी देव तारी त्याला कोण मारी. आंधी आली, गंगेचं पाणी गल्लीपर्यंत आलं, माकडांनी वायर कुरतडली, जाळी बसवावी लागली, तीनदा बॅटऱ्या बदलल्या, आणि तो आपला भिंतीवर हूं हूं करत राहिला. मी दर आठवड्याला ब्रशने त्याची जाळी झाडायची. खरं सांगू? मला अजूनही हे कळत नाही. वर ऊन पडतं आणि खाली पंखा फिरतो, मधे ना धूर, ना ज्योत, ना पाणी. सोळा वर्षं रोज बघते आहे आणि रोज वर गेले की क्षणभर थांबते. गंगेवर सूर्य उगवताना लोक लांबून लांबून बघायला येतात, आणि तोच सूर्य माझ्या पोरीच्या हातून येऊन आमच्या डोक्यावर पंखा फिरवतो. मला तर याचं नवल वाटायचं काही संपत नाही.

आता जे मी तुला सांगितलं नव्हतं ते सांगते. माघात बाबांना दवाखान्यात दोन दिवस ठेवलं होतं. तुला मी फक्त थोडे दमतात एवढंच म्हटलं. हृदय अशक्त झालंय, पण गोळ्या वेळेवर घेतल्या आणि जिने कमी केले तर पुष्कळ वर्षं निघतील, असं डॉक्टरांनी सांगितलं. तुझ्या बाबांनी त्यातलं फक्त पहिलं वाक्य ऐकलं. गोळ्या घेतात, मी देते म्हणून. पण घरी आल्यावर त्यांनी एकेक गोष्ट सोडायला सुरुवात केली. नवा विद्यार्थी घ्यायचा नाही, कारण अध्ययनाला बारा वर्षं लागतात, पोराला अर्ध्यावर कोणाच्या हवाली करायचं? नवीन धोतरजोडी नको. मी कैऱ्या आणल्या तर म्हणाले, वर्षाचं लोणचं कशाला, थोडंसं तात्पुरतं घाल. नात्यातल्या मधुराच्या लग्नाचं आमंत्रण आलं, मार्गशीर्षातलं, ते वाचून त्यांनी नुसतं खाली ठेवलं. उद्या हा शब्द त्यांच्या तोंडून गेला. काशीत राहतो म्हणजे आपण फलाटावरच बसलोय, असं म्हणून हसायचे. मी भांडले, रडले, अबोला धरला. काही उपयोग नाही. सकाळी एकदाच जिना चढतात, वरच्या खोलीत जुने विद्यार्थी येतात, त्यांचा पाठ घेतात, बाकी वेळ पंख्याखाली डोळे मिटून बसतात.

आणि गेल्या आठवड्यात इन्व्हर्टर बंद पडला. दुपारी एकदम टक् असा आवाज, जळल्याचा वास, आणि दोन्ही पंखे हळूहळू थांबले. मी वर धावले. बाबा त्याच्यासमोर उभे होते, आणि त्यांचा चेहरा इतका शांत होता की मला भीती वाटली. म्हणाले, झालं त्याचं. सोळा वर्षं म्हणजे पूर्ण आयुष्य झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी देवाची फुलं घेऊन आले तर काय बघते, दोन विद्यार्थी त्या डब्याला नव्या पंच्यात गुंडाळून जिना उतरताहेत, पुढे तुझे बाबा, हातात तांब्या. निघाले होते घाटावर, विसर्जन करायला! जीर्ण मूर्ती, जुनी जानवी गंगेत सोडतात, तसा हा. मी दारातच आडवी उभी राहिले. म्हटलं, गंगामाईने लोकांचं आधीच काय कमी पोटात घातलंय, की आता तिला बॅटरीची वायरही चारताय? विद्यार्थी हसू दाबत होते. बाबा हसले नाहीत. म्हणाले, जे संपलं ते धरून ठेवू नये. मला कळलं की हे डब्याबद्दल चाललेलं नाही. दारातून मी हलले नाही.

मग मी गोदौलियाच्या बाजारातून मुकुलला बोलावलं, बॅटऱ्या देतो तो. त्याने डबा चौरंगावर ठेवून उघडला. बाबांना बघायचं नव्हतं, तरी बघत बसले. हिरवा बोर्ड एका कोपऱ्यात कोळसा झाला होता, तू कपॅसिटर म्हणतेस ते छोटे डबे फुगून फुटले होते, पंखा जाम. आणि मधोमध तुझी तांब्याची गुंडाळी, जशीच्या तशी, एक वेढा सैल नाही, एक काळा नाही. मुकुलने तिच्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "गुरुजी, ई त गजब हौ. हमरे दुकान का माल पाँच-छह साल में बैठ जाला." म्हणजे त्याच्या दुकानातले डबे पाच-सहा वर्षांतच मान टाकतात. मी बाबांकडे पाहिलं. त्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत होता. त्यांना स्वतःलाही माहीत नव्हतं. सगळे वेढे ते पुन्हा मोजून गेले असणार, कारण बऱ्याच वेळाने मान हलवून म्हणाले, बरोबर आहेत. मुकुलने आपल्या दुकानातला नवा डबा लावून देतो म्हटलं, मीही लगेच हो म्हणाले, कारण या उन्हात वरची खोली म्हणजे भट्टी. बाबांनी त्याला हाताने थांबवलं.

आणि इरा, ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते आता लिहिते. त्या दिवसापासून ते वर पंख्याविना बसतात, हातपंख्याने वारा घेतात, आणि कोणी काही म्हटलं तर सांगतात की माझी मुलगी करून देणार आहे. तुझ्या शेडचं मी त्यांना सांगितलेलं नाही. काल जेवताना त्यांनी आपणहून विषय काढला. तार तीच वापर म्हणावं, बाकी सगळं नवं, आणि पत्र्याच्या पेटीला दोन्ही बाजूंनी वारा ठेव. एवढं सांगून दोन घास खाल्ले आणि म्हणाले, "इराला सांग, या खेपेला वीस वर्षं जाईल असा कर." वीस वर्षं, इरा! माघापासून ज्या माणसाने लोणच्याच्या बरणीलाही वर्षभराची मुदत दिली नव्हती, तो बहात्तराव्या वर्षी ताटावर बसून वीस वर्षांचं बोलला, आणि वर ताक मागितलं. मी ताक आणायला म्हणून आत गेले ती ओट्याला धरून रडतच उभी राहिले. ही गोष्ट माझ्याने झाली नाही, डॉक्टरांनी झाली नाही, विश्वनाथाला इतके नवस बोलले त्यानेही झाली नाही, ती तुझ्या डब्याने केली. आता तूच सांग बाई, वीस वर्षांची ऑर्डर दारात आलेली असताना कोणी शेडची किल्ली परत करतं का?

तुझीच, आणि आजपासून तुझी गिऱ्हाईकही,
आई