सगळं हाताशी

१९ नोव्हेंबर, रविवार दुपार

प्रिय वन्सं,

नमस्कार. तुमच्या गुडघ्यांचं काय म्हणणं आहे? धाकटीची परीक्षा एव्हाना संपली असेल. इकडे थंडी पडू लागली आहे. शाळेच्या गणवेशांचा हंगाम सरला, आता लोक कोट आखूड करायला आणताहेत, त्यामुळे माझं मशीन दिवसभर चालू असतं. तुमचे भाऊ बरे आहेत. जेवतात, झोपतात, माझ्या चष्म्यावरून मला चिडवतात.

फोन हाताशी असताना ही बाई पत्र का लिहीत बसली, असं तुम्हाला वाटेल. घर दोन खोल्यांचं, आणि न्यूमोनियानं यांची फुप्फुसं खाल्ली तरी कान शाबूत ठेवले. मी स्वयंपाकघरात हळू बोलले तरी पुढच्या खोलीतून उत्तर येतं. म्हणून लिहिते आहे.

व्यायाम करून घेणारी फिजिओथेरपीची मुलगी यायची का थांबली, हे तुम्ही मला तीनदा विचारलंत. पहिल्यांदा मी म्हटलं, तिला ताप आलाय. दुसऱ्यांदा म्हटलं, तिची कसलीशी परीक्षा आहे. तिसऱ्यांदा दूध उतू जातंय म्हणून फोन ठेवून दिला. दूध उतू जात नव्हतं, वन्सं.

पण आधी बाकीचं सांगते, नाहीतर तुम्ही पत्र अर्ध्यावर फाडाल.

हे दवाखान्यातून घरी आले तेव्हा तुम्ही पाहिलंच होतं. साधा खोकला म्हणून गेलेला माणूस, व्हेंटिलेटरवर काय पडतो, आणि परत येतो तो अर्धाच. मान धरवत नव्हती. प्रवाशाची पाऊण टनाची सुटकेससुद्धा बसच्या टपावर फेकतो अशी फुशारकी मारणाऱ्या माणसाच्या हातातून चमचा गळून पडायचा. डॉक्टर म्हणाले होते, फुप्फुसं हळूहळू सावरतील, पण पडून पडून स्नायू गेलेत, ते औषधानं येणार नाहीत, हालचालीनंच येतील. मी मान डोलावली आणि घरी येऊन नेमकं उलट केलं. पाण्याचा पेला, चष्मा, टॉवेल, रेडिओ, औषधं, सगळं खाटेला लागून मांडलं. यांनी नुसता हात लांब करायचा. हात लांब झाला नाही तर मी होतेच. दाढी मी करायची, घास मी भरवायचा. शेजारीण म्हणाली, केवढं करते हो ही नवऱ्याचं! मला काय, मूठभर मांस चढलं.

आणि मग तुम्ही ओळखीतून ती मुलगी पाठवलीत.

आल्या आल्या तिनं काय केलं ठाऊक आहे? पाण्याचा पेला उचलला आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला खिडकीत नेऊन ठेवला. चष्मा कपाटावर. रेडिओ दाराजवळच्या स्टुलावर. म्हणाली, "काका, जे हवंय ते उठून घ्यायचं. काकू, तुम्ही मध्ये पडायचं नाही." माझ्या घरात, मला! ती गेली की मी पेला परत खाटेशी आणायचे. दुसऱ्या दिवशी ती काही न बोलता खिडकीत ठेवायची. असं आमचं त्या पेल्यावरून चाललं होतं, आणि हे खाटेवर बसून मजा बघत होते.

माझं पोट दुखलं ते पेल्यावरून नव्हे. मी म्हटलं, "अहो, जरा बसता का उठून?" तर हे म्हणायचे, दमलो. ते तीन चेंडूंचं यंत्र असतं ना, श्वास आत ओढून चेंडू वर उचलायचे, ते मी हातात दिलं तर अर्धा चेंडू हलायचा. तीच मुलगी समोर आली की दोन चेंडू टणकन वर! पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते काही खोटं नाही. ती वॉकरच्या नळीवर दोनदा टकटक करायची आणि हे निघायचे. एकदा टकटक केली की थांबायचे. त्यावरून यांनी तिचं नाव ठेवलं कंडक्टर. "कंडक्टर आली का?" "कंडक्टरला चहा दे." तिच्या येण्याच्या आधी केस विंचरून घ्यायचे, वन्सं! स्वतःच्या हातानं! भांग माझ्याकडून नीट पडत नाही म्हणे.

लग्नाला इतकी वर्षं झाली, मला यांनी एक टोपणनाव दिलं नाही. अगं, ए, ऐकलंस का, एवढ्यावर माझा संसार झाला. आणि ही मुलगी आठवड्यात कंडक्टर.

तुम्ही हसाल. मुलीच्या वयाची पोर, तिचा कसला मत्सर करायचा? मीही स्वतःला तेच सांगायचे आणि तिच्या चहात साखर कमी घालायचे. तिचं काही वाईट नव्हतं. वाईट असती तर मला किती सोपं गेलं असतं.

मग तो दिवस आला. हे वॉकर सोडून, भिंतीला हात लावत, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले. मी कणीक मळत होते. मागे वळून बघते तर हे उंबऱ्यात उभे. घाम फुटलेला, पण उभे. मला रडू फुटणार तोच यांनी मागे वळून तिला विचारलं, "कंडक्टर, पुढचा स्टॉप कुठला?" आणि ती टाळ्या वाजवत म्हणाली, "थेट डेपो, काका!"

हे इतके हसले की खोकल्याची उबळ आली.

मी कणीक मळत राहिले. अंगाची लाही लाही होत होती. तुम्हाला माहीत आहे, लांब पल्ल्याच्या बसवाल्याची बायको म्हणजे काय. आले, जेवले, झोपले, गेले. मुलाचा जन्म झाला तेव्हा हे घाटात होते, तो परदेशी गेला तेव्हाही रस्त्यावरच. रस्ता ही माझी पहिली सवत, आणि तिच्याशी भांडता येत नाही, कारण तिनंच घर चालवलं. या दुखण्यानं तिच्या तावडीतून यांना सोडवलं आणि माझ्या दारात आणून टाकलं. आणि ही पोर यांचा हात धरून पुन्हा तिच्याकडेच न्यायला निघाली होती.

दुसऱ्या दिवशी मी तिला जिन्यातच गाठलं. म्हटलं, डॉक्टरांनी पूर्ण विश्रांती सांगितली आहे, तू काही दिवस येऊ नकोस. तिनं दोनदा विचारलं, "नक्की काकू? आता थांबवणं बरं नाही." मी म्हटलं नक्की. वर येऊन यांना सांगितलं, तिचं लग्न ठरलंय, गावी गेली. हे म्हणाले, "अरे वा, चांगलं झालं." बस्स. मी पेला खिडकीतून उचलला आणि खाटेशी ठेवला.

आता जे लिहिते ते वाचून तुम्हाला माझा राग येईल, पण खोटं कशाला लिहू. त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे होते. सकाळी मी मशीन यांच्या खाटेजवळ ओढायचे. मी शिलाई मारायची, यांनी बोलायचं. कुठल्या वळणावर एकदा ब्रेक लागले नाहीत, कुठल्या ढाब्यावरचा म्हातारा यांना जावई समजायचा, कधी एक शब्द न बोललेला माणूस नुसता बोलत होता. दुपारी पत्ते. चमचा आपला आपण धरू लागले होते, तरी मी भरवायचे, आणि हे तोंड उघडायचे. मला वाटलं, यांनाही हेच हवंय.

खुणा दिसत होत्या, दिसत नव्हत्या असं नाही. मी शिंपीण आहे. दवाखान्यातून आल्यावर यांच्या पँट्स मी कमरेत आणि मांडीत आत घेतल्या होत्या. ती मुलगी यायची तेव्हा त्याच पँट्स मांडीत घट्ट होऊ लागल्या, म्हणून तिथली टीप मी उसवली होती. आता त्या पुन्हा ढगळ झाल्या. मी मुकाट्यानं टीप परत घातली. दुसरी बाई असती तर लक्षात आलं नाही म्हणाली असती. मला तेवढंही म्हणता येत नाही.

मंगळवारी तपासणी होती. डॉक्टरांनी यांना हात न टेकता खुर्चीतून उठायला सांगितलं. मागच्या वेळी हे लागोपाठ उठून दाखवत होते. या वेळी एकदाही उठता आलं नाही. पुढे झुकले, थरथरले आणि परत बसले. मग खोकून दाखवायला सांगितलं, तर खोकला घशातच राहिला. डॉक्टर म्हणाले, "एवढ्याशा खोकल्यानं कफ बाहेर येणार नाही. हिवाळ्यात पुन्हा छातीत संसर्ग झाला तर हे झेपणार नाही. व्यायाम बंद केलात का?"

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले. उत्तर यांनी दिलं. "मीच आळस केला, डॉक्टर. हिनं पुष्कळ मागे लागून पाहिलं."

टॅक्सीत मी विचारलं, "असं का म्हणालात?" हे म्हणाले, "कंडक्टरचा फोन आला होता मला. दुसऱ्याच दिवशी. मला खरंच विश्रांती सांगितलीय का, म्हणून विचारत होती."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"हो म्हणालो."

"आणि मला एका शब्दानं विचारलं नाहीत?"

हे खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, "तुला इतकं खुशीत कधी बघितलं नव्हतं गं. म्हटलं, राहू दे थोडे दिवस. मी कधी घरी राहिलो होतो?"

वन्सं, मला वाटलं टॅक्सीचं दार उघडून उडी टाकावी. मी समजत होते मी यांना जपते आहे. माझ्या खुशीसाठी हा माणूस रोज थोडा थोडा खचत होता, आणि माझ्या हातचा घास खात होता. आणि एवढं सगळं होऊनही माझ्या मनात पहिला विचार काय आला, ऐका. तिचा फोन यांना आला कसा, नंबर कधी दिला? असा माझा स्वभाव. जळत्या लाकडालासुद्धा एवढी धग नसेल.

पेला मी परत खिडकीत नेऊन ठेवला आहे. पण माझ्याच्यानं होत नाही. यांनी नुसतं "पाणी" म्हटलं की माझे पाय आधी उठतात. यांचा चेहरा दमलेला दिसला की मीच म्हणते, राहू द्या. मला वॉकरवर टकटक करता येत नाही. मी केली तर हे निघतात, पण दोन पावलांवर माझ्याकडे बघून थांबतात, आणि मी थांबू देते. हे काम माझ्यासारखीचं नाही. यांच्या दमण्याला न भुलणारं कुणी हवं.

म्हणून तुम्ही तिला फोन करा. मी करायला हवा, हे मला कळतं, पण तिचा आवाज ऐकला की माझ्या तोंडून पुन्हा काहीतरी भलतंच निघेल. तिला सांगा, काकूंनी खोटं सांगितलं होतं. माझं नाव घेऊन सांगा, यांच्यावर ढकलू नका. यांनी एकदा माझ्यासाठी ढकलून घेतलं, तेवढं पुरे. मी सुधारले असं मात्र सांगू नका. ती आली की यांचे केस विंचरलेले असतील, मी ते बघेन, आणि माझं पोट दुखेल. दुखू दे.

यांच्या पायांत बळ आलं की हे आधी खिडकीपर्यंत जातील, मग जिन्यापर्यंत, आणि एक दिवस जिना उतरून डेपोकडे निघून जातील. डेपोवाले गाडी हातात देणार नाहीत म्हणे, पण तिथल्या बाकावर तरी जाऊन बसतीलच. मी पुन्हा मशीनशी एकटी बसेन आणि संध्याकाळी पावलांच्या आवाजाची वाट बघेन. हे सगळं मला दिसतं आहे, वन्सं.

तरी पाठवा तिला. उद्याच पाठवा.

जळकी खरी, पण तुमचीच,
वहिनी